सुरईतलं सरबत

रिकामी असती तर नखाच्या टिचकीने ती सुरई कितीतरी वेळ घणघणत राहिली असती. पण आत गळ्यापर्यंत लिंबाचं सरबत होतं, त्यामुळे नुसतंच ठप्प वाजलं. भिंगबाईंनी बोट मागे घेतलं.

जुन्या काचसामानाच्या बाजारात त्यांना सगळे भिंगबाईच म्हणत. गळ्यात दोरीला भिंग, पर्समध्ये मऊ फडकं आणि जिभेला हाड नाही, अशी त्यांची ख्याती. पेल्याच्या तळावरचे ओरखडे खरे वापराचे की कुणी पॉलिशपेपरने घासून आणलेले, हे त्या बसल्या जागी ओळखत. आणि ऐकणारा मिळाला की मग काही विचारू नका.

या घरात त्या दोन वर्षांपूर्वी येऊन गेल्या होत्या. वडील वारल्यावर मुलाने कपाटातल्या काचेची किंमत ठरवायला बोलावलं होतं. मुलगा पन्नाशीचा, हळू बोलणारा, सगळं वहीत टिपून घेणारा. असा श्रोता भिंगबाईंना क्वचितच लाभे. ही सुरई उचलून त्यांनी सांगितलं होतं, की हिच्या काचेत शिसं आहे, म्हणून ती एवढी जड आणि चमकदार. शोभेला ठेवा, आंबट काही भरून ठेवू नका, शिसं उतरतं. त्याने विचारलं, रोज थोडं थोडं पोटात गेलं तर? मग काय, बाईंची गाडी सुटली. पोटात कळा, हात लुळे, विसरभोळेपणा, आणि डॉक्टरही म्हणतात वय झालं. मुलाने तेही लिहून घेतलं. किती काळजी घेणारा मुलगा, असं त्यांनी घरी जाऊन बहिणीला कौतुकाने सांगितलं होतं.

आज त्याने पुन्हा बोलावलं होतं. या वेळी घरातल्या सगळ्याच सामानाची यादी हवी होती, अगदी आईच्या पलंगासकट. आई अजून त्या पलंगावर होती. दोन वर्षांपूर्वी तिनेच पेले पुसून एकेक करून हातात दिले होते. आता तिचा हात मनगटातून खाली लोंबत होता. मुलगा आत चहा ठेवायला गेला होता.

"मावशी, यात सरबत कोण भरतं?" भिंगबाईंनी हळूच विचारलं.

"मुलगा. आज भरतो, उद्या पाजतो. मुरलं की चांगलं लागतं म्हणे." म्हातारी हसली. "जन्मात कधी माझ्याजवळ बसला नाही गं तो. आता रोज अर्धा तास बसतो. घोट घोट पाजतो, तोंड पुसतो."

भिंगबाईंनी सुरई उचलून जवळ घेतली. आपणच शिकवलं याला, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं. त्यांना स्वतःची शरम वाटली आणि आतल्या माणसाची भीतीही वाटली. उशाशी औषधांची पिशवी होती, तिच्यावर डॉक्टरांचा नंबर होता. त्यांनी तो लावला आणि आवाज खाली ठेवून सगळं सांगितलं.

फोन ठेवला तेव्हा मुलगा दारात उभा होता. हातात ट्रे, चेहऱ्यावर काहीच नाही.

"सुरई तर तुमची पाहून झालीय, मॅडम. खाली ठेवा. आईची वेळ झाली."

"डॉक्टर निघालेत," भिंगबाई म्हणाल्या. सुरई त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. "यातलं सरबत तपासायला जाईल आणि मावशींचं रक्तही. तुम्हाला काय काय सांगितलं होतं, ते मी डॉक्टरांना सांगितलंय. ते येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

तो ट्रे टेबलावर ठेवून बाहेरच्या खोलीत गेला, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पळाला असता तर बरं वाटलं असतं, असं भिंगबाईंना वाटून गेलं.

म्हातारीला ऐकू किती आलं, कळलं किती, देव जाणे. तिने सवयीने मान उचलली आणि तोंड उघडून वाट पाहिली. भिंगबाईंनी सुरई काखेत धरूनच माठातलं साधं पाणी स्टीलच्या पेल्यात घेतलं आणि तिच्या ओठांना लावलं.

तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"तू नको," ती म्हणाली. "त्याला बोलाव."