तीन लांब पाय

शेवटी मला सुतारकामाची उमेदवारी मिळाली. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. मलाही अजून काही माहीत नाही. मी सध्या बाबांच्या मागून चालतेय आणि बाबांच्या डोक्यावर स्टूल आहे.

ते मी केलेलं पहिलंवहिलं स्टूल. प्रशिक्षण संस्थेने बजावलं होतं, शनिवारपर्यंत शिकवायला तयार असलेला मालक आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. आज शनिवारच होता. जागा गेली की काकांच्या दुकानात चादरींच्या घड्या घालायच्या, हे घरात ठरलेलं. मालक का मिळत नव्हता, त्याचं कारण माझ्यापुढे स्टूल घेऊन चाललं होतं.

कुठल्याही कारखान्यात शिरलं की बाबा स्टूल मधोमध ठेवत. ते डुगडुगे. मालक म्हणे, "हलतंय की हे!"

बाबा शांतपणे सांगत, "तुमची फरशी उतरती आहे."

एकाने फरशीवर लेव्हल ठेवून दाखवली. बाबांनी त्याला लेव्हल कुठे दुरुस्त करून मिळते ते सांगितलं.

"बाबा, इथे तरी तोंड उघडू नका."

"मी कधी बोलतो?"

शेवटच्या कारखान्याच्या मालकीण एक मिस्त्रीबाई होत्या. कानावर पेन्सिल, भुवयांवर भुसा. त्यांनी स्टुलावर बोट टेकवलं. टक्. दुसऱ्या बाजूने टेकवलं. टक्. बाबांनी ओठ आत घेतले. कानशिलं लाल झाली. ते फरशीकडे इतक्या आशेने बघत होते की मला बघवेना.

"फरशी चांगली आहे," मी म्हटलं. "एक पाय मीच आखूड कापलाय."

"आखूड कुठला!" बाबांचा धीर सुटला. "बाकीचे तीन लांब आहेत!"

मिस्त्रीबाईंनी हातातला रंधा खाली ठेवला. "बरोबर बोलले. आखूड पाय काय ओढून वाढवणार आहेस? लांबच कापायचे. घे करवत."

आखूड पायाखाली पाचर सारून मी स्टूल स्थिर केलं, तिच्या जाडीएवढ्या खुणा बाकीच्या पायांवर केल्या आणि कापले. मिस्त्रीबाईंनी पुन्हा बोट टेकवलं. आवाज नाही.

"सोमवारी ये. डबा आण. वडिलांना आणू नकोस."

बाबा मात्र स्टुलावर बसून बघत होते. उठले, पुन्हा बसले. त्यांचा चेहरा पडला. रोज संध्याकाळी ते त्यावर डुलत पेपर वाचायचे. डुलता डुलता डोळा लागायचा. हे स्टूल ढिम्म हलेना.

त्यांनी जमिनीवरचे तिन्ही तुकडे उचलले, फुंकून खिशात ठेवले, खिशाचं बटण लावलं. मग जन्मभर कचेरीत लोकांचे अर्ज घेतलेले बाबा मिस्त्रीबाईंसमोर ताठ उभे राहिले.

"महोदया, मुलीस ठेवून घेतल्याबद्दल आभारी आहे. तथापि, कापलेले तीन तुकडे अर्जदाराकडे सुस्थितीत असून, ते पूर्ववत जोडून सदर स्टूल मूळ हालचालीसह परत मिळावे, ही नम्र विनंती."