तेल गरम असताना

वेंडेलने पिकअपच्या इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढली, टोकाचा थेंब कॉफी गाळायच्या पांढऱ्या कागदावर सोडला आणि कागद आत आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत, उन्हात ठेवला. बाहेर डाकोटाचा बर्फ क्षितिजाला टेकला होता. आपलं घर त्यावर तरंगतंय, असं आर्लीनला वाटत होतं.

नवराबायकोचं जेवण होईतो थेंब पसरत राहिला. पण काळं मधोमधच थिजून बसलं. भोवती नुसतं पिवळसर कडं उमटलं.

"गेलं हे तेल," वेंडेल म्हणाला.

"काळं तर ते नेहमीच असतं."

"काळ्याचं काही नाही गं. नव्या तेलात औषध असतं, ते काजळीचा कण न् कण सुटा ठेवतं. काजळी नाहीशी करत नाही, नुसती एकत्र चिकटू देत नाही. वापरात ते संपत जातं. मग असा गोळा होतो."

"वरून थोडं नवं ओतलं तर?"

"इतके दिवस तेच केलं. आता सगळं काढायला हवं. तेही इंजिन तापवून, तेल गरम असताना. थंड काढलं तर घाण तळाशीच राहते."

आर्लीन त्या ठिपक्याकडे बघत राहिली. तिला एकाएकी फार थकल्यासारखं झालं.

फोन वाजला. रविवार दुपार, म्हणजे फार्गोहून कर्टिस. त्याने शेती नाकारली तेव्हापासून बापलेकांत अबोला होता. फोन आर्लीनच घ्यायची. 'म्हाताऱ्याचा राग उतरला का?' असं पोरगा विचारायचा, आणि ती नवऱ्याला सांगायची, तुझा गुडघा कसा आहे विचारतोय. 'लाज नाही त्या कार्ट्याला,' असं वेंडेल गुरगुरायचा, आणि ती फोनमध्ये सांगायची, बाबा म्हणतात, बर्फात गाडी जपून चालव. घर शांत राहायचं. त्या शांततेचा तिला अभिमान होता.

आज तिने फोन उचलला आणि वेंडेलपुढे धरला.

"काय म्हणतोय?"

"तूच ऐक."

"माझ्या तोंडून भलतंसलतं निघेल, आर्लीन."

"निघू दे. माझ्यातलं औषध संपलंय रे."

वेंडेलने एकदा खिडकीतल्या कागदाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग फोन घेतला.

"बापजाद्यांची जमीन परक्याला कसायला दिली मी, कळतंय का तुला?"

त्याचा आवाज चढला. पलीकडूनही चढला. पार आजोबांपर्यंतचं सगळं वर आलं. आर्लीनचा हात सवयीने फोनकडे गेला; तिने तो मागे घेऊन मांडीवर ठेवला. तिला भीती वाटत होती आणि हलकंही वाटत होतं.

बऱ्याच वेळाने वेंडेल थांबला. त्याला धाप लागली होती, पण फोन कानालाच होता.

"गाडीचं तेल बदलायचंय," तो कसनुसा म्हणाला. "खाली वाकवत नाही आता."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"गुडघा? गुडघ्याला काय धाड भरलीय?" म्हणत वेंडेलने खुर्ची ओढली आणि बसला. "उजवा रे. उजवाच दुखतो."

आर्लीन खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. या वेळचं गुडघ्याचं विचारणं तिने रचलेलं नव्हतं.