बघणाऱ्याचा चेहरा

माझ्या वडिलांनी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात उमेदीची सारी वर्षं घालवली, आणि पुढे छापखाना सुटला तरी चुका काढणं काही सुटलं नाही. भाजीतलं मीठ, शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी, माझं एकटीनं राहणं, त्यांच्या नजरेतून काहीच निसटत नसे. माझ्या कुठल्याही कामाला त्यांनी कधी 'छान' म्हटलेलं मला आठवत नाही. पन्नाशी गाठली तरी मला तो शब्द हवा होता, अगदी लहान मुलीसारखा हवा होता.

मी डॅगेरोटाइप काढते. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, तो चामड्यानं घासघासून आरशासारखा करायचा, आयोडिनच्या वाफेवर धरायचा, कॅमेऱ्यात घालून समोरच्याला पुतळ्यासारखं बसवायचं, आणि मग पाऱ्याच्या वाफेवर चित्र वर आणायचं, असा हा छायाचित्रणाच्या बाळपणीचा उद्योग. जगानं तो केव्हाच टाकून दिला. आम्ही मूठभर माणसं अजून धरून बसलो आहोत. आम्ही स्वतःला पत्रेवाले म्हणवतो, आणि घरचे आम्हाला काय म्हणतात तेही आम्हाला ठाऊक आहे.

या चित्राची एक खोड आहे. पत्रा मुळात आरसाच, त्यामुळे बघायला जावं तर चित्रातल्या माणसाच्या नाकावर आपलं नाक येऊन बसतं. मान तिरकी करा, काळा कपडा धरा, बघणारा मध्ये कडमडतोच. पत्रेवाले काळे कोट घालून हिंडतात ते एवढ्याचसाठी. कुणी गेलंय म्हणून नव्हे.

पत्रेवाल्यांच्या यंदाच्या मेळाव्यासाठी मी बाबांना बसवलं, वेताच्या खुर्चीत, मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावून. "न्हावीसुद्धा इतका छळत नाही," एवढं म्हणून ते जे स्थिर झाले, ते मी भिंगावर झाकण ठेवेपर्यंत.

पत्रा धुऊन, सोन्याचं पाणी देऊन, वाळवून खिडकीपाशी नेला आणि सवयीनं मान तिरकी केली. गरजच नव्हती. समोरून बाबा दिसत होते, भुवईचा केस न् केस, आणि त्यांच्यावर माझं नाक नव्हतं. मी पत्र्यासमोर हात हलवला, हातही नव्हता. माझ्या पाठीमागची फळी मात्र बाटल्यांसकट त्यात दिसत होती, माझ्या अंगाआड झाकल्या जायला हव्या होत्या त्या बाटल्यासुद्धा. धावत न्हाणीघरातल्या आरशाकडे गेले. तिथं मी होते, केस पिंजारलेली. खरं तर भीती वाटायला हवी होती, पण मला इतका आनंद झाला की मी एकटीच घरभर नाचले.

मेळावा एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या दालनात होता. आमच्यातले सर्वांत जुने पारेवाले काका. पारा हाताळण्यात वाकबगार, आणि स्वतःचाही पारा चढायला वेळ लागत नाही, म्हणून हे नाव. मी सांगितलेलं ऐकून ते म्हणाले, "थापा जरा कमी मार."

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" मी म्हटलं. "बघा की."

काकांनी काळा कपडा न धरता सरळ पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग स्वतःच्या गालाला हात लावला आणि मला शेजारी उभं केलं.

"मला तू दिसतेस, तुझ्या बाबांच्या बाजूला," ते हळू आवाजात म्हणाले.

"मला तुम्ही दिसताय."

"म्हणजे जो बघतो, तो स्वतः तेवढा नसतो त्यात. काय केलंस तरी काय?"

"नेहमीचंच केलं, काका."

काकांनी अंगातला काळा कोट काढला आणि सरळ खिडकीबाहेर भिरकावला. दालनात हशा पिकला, आणि रांगेनं एकेक जण पत्रा पाहून कोट उतरवू लागला. मला नावं ठेवणारेच आता माझी पाठ थोपटत होते, आणि मीही ती आनंदानं थोपटून घेत होते. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. पण माझं लक्ष सारं कोपऱ्यात होतं. बाबा भिंतीवरच्या फलकातली ऱ्हस्वदीर्घं तपासत होते.

काका त्यांना हाताला धरून पुढे घेऊन आले. "लेकीनं नाव काढलं हो तुमचं. बघा."

बाबांनी चष्मा पुसला. पत्रा दोन्ही हातांत धरला, आणि मुद्रितावरून फिरवावी तशी नजर वरच्या कडेपासून ओळीओळीनं खाली आणली.

"छान," बाबा म्हणाले.

टाळ्यांनी दालन दणाणलं. काकांनी मला मिठी मारली, माझे डोळे वाहत होते आणि मी ते पुसतही नव्हते. बाबा अजून पत्र्यातच पाहत होते.

"खुर्चीचा वेत न् वेत मोजून घ्यावा असं काम केलंयस," ते म्हणाले. "पाठ टेकते तिथली तुटकी वीणसुद्धा आलीये. एक चूक नाही कुठं."

टाळ्या चालूच होत्या. बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, इतक्या कौतुकानं त्यांनी मला कधीच पाहिलं नव्हतं.

"फक्त एवढं सांग," ते म्हणाले, "मी उठून गेल्यावर काढलास होय?"