चार ठोकळे

मिस्त्रींचं मत कुणी विचारलं नव्हतं. पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवलं असतं, तर मिस्त्री गेली चाळीस वर्षं मुकेच राहिले असते.

"गाडीनं चालावं, थांबावं आणि गपगुमान उभं राहावं," ते गॅरेजभर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. "बटण दाबलं की बसायचं, बटण दाबलं की उठायचं! ही गाडी म्हणायची का उंट?"

हे सगळं जावयासाठी चाललं होतं. जावई डिकीत अर्धा वाकून पंपाची नळी आवळत होता. त्यानं नुसतं "हं" केलं. हे "हं" मिस्त्रींच्या डोक्यात जायचं. माणसानं एक तर भांडावं, नाहीतर चूक कबूल करावी. "हं" काय? त्यापेक्षा म्हैस बरी, ती निदान शिंगं तरी उगारते.

गाडी दाताच्या डॉक्टरांची. पन्नासेक वर्षांची, लांबलचक, पुढचं बॉनेट पलंगाएवढं. आली तेव्हा हात लावाल तिथून गंज झडत होता. पत्रा मिस्त्रींनी स्वतः ठोकला, इंजिन स्वतः उघडून बांधलं. इथवर सगळं रीतसर होतं. मग डॉक्टरांना खूळ लागलं की गाडी चारही चाकांवर वरखाली झाली पाहिजे. मिस्त्रींनी कोपरापासून हात जोडले. जावई म्हणाला, "मी करून देतो." त्यानं चारही स्प्रिंगा काढल्या, त्यांच्या जागी तेलाचे सिलिंडर बसवले, डिकीत पंप आणि बॅटऱ्या ठेवल्या आणि डॅशबोर्डखाली बटणं लावली. पंपानं तेल ढकललं की गाडी उठायची, तेल परत सोडलं की बसायची. त्या दिवसापासून मिस्त्रींनी त्याचं नाव ठेवलं, बटणबहाद्दर. त्यात माणूस अंगानं बारीक, म्हणून काडीपैलवानही. तोंडावर मात्र जावईबापू आणि अहो-जाहो. पण ते "जावईबापू" अशा काही सुरात निघायचं की त्यापेक्षा शिवी परवडली.

"आणि हे काय लावलंय, जावईबापू?" त्यांनी चाकामागे बोट दाखवलं. तिथे चौकटीला रबराचे जाड ठेपे बसवले होते.

"सगळं तेल गेलं तरी गाडी वीतभर वर राहील, बाबा. जमिनीला टेकणार नाही."

"म्हणजे उशी! गाडीला दुपारची झोप लागते वाटतं? ज्याला आपल्या कामाचा भरवसा नसतो, तोच असल्या उशा लावत बसतो."

"हं," जावई म्हणाला.

कोपऱ्यात मुलगी गाडीच्या सीटा शिवत बसली होती. जाड कातड्यावर खडखड चालणारं तिचं मशीन थांबलं. "बाबा, पुरे," ती म्हणाली आणि मशीन परत सुरू झालं. मुलीचं बोलणं आईच्या वळणाचं. दोन शब्दांत माणसाला गार करायची. आई जाऊन नऊ वर्षं झाली, पण ते वळण काही घरातून गेलं नव्हतं.

खरी गोम निराळीच होती. रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा होता. डॉक्टर ही गाडी तिथे नेणार होते आणि दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या गॅरेजचा मालक ती बघायला येणार होता. काम पसंत पडलं तर जावयाला तिथे नोकरी, राहायला दोन खोल्या आणि मुलीसाठी नवं शिलाई मशीन. मुलीनं हे पंधरा दिवसांपूर्वी भाकरी थापावी इतक्या सहजपणे सांगितलं होतं. मिस्त्री म्हणाले होते, "जा की. अडवलंय कुणी?" आणि मग रात्रभर छताकडे बघत पडले होते. एकुलती एक मुलगी. ती गेली की गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत उरणार कोण? मिस्त्री आणि मिस्त्रींची मतं.

"जाऊ नका" हे दोन शब्द. एवढे काही अवघड नाहीत. पण जन्मभर दुसऱ्याला नावं ठेवण्यात झिजलेल्या जिभेला ते वळेनात.

आता त्या चार ठोकळ्यांबद्दल सांगायला हवं. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरमधून कापलेले, तेल पिऊन काळे ठिक्कर पडलेले ते चार ठोकळे म्हणजे मिस्त्रींच्या गॅरेजचा कायदा. गाडी जॅकवर असो, तेलावर असो, नाहीतर साक्षात देवानं उचलून धरलेली असो, चौकटीखाली ठोकळे सरकवल्याशिवाय खाली शिरायचं नाही. जावई कामाला आला त्या पहिल्या दिवशी मिस्त्रींनी त्याला बाकी काही शिकवलं नाही, एवढंच शिकवलं. "ठोकळे कुठे आहेत?" हा प्रश्न ते दिवसातून दहादा विचारायचे. गॅरेजातला जुना जॅक तर मुळीच भरवशाचा नव्हता. उचललेली गाडी तो हळूहळू खाली आणायचा. नवा घ्या म्हटलं की मिस्त्री म्हणायचे, "ठोकळे आहेत ना?"

शनिवारी सकाळी ठोकळे नव्हते.

गाडी चार वाजता जायची होती. एकच काम उरलं होतं, खाली शिरून मागच्या नळ्या पट्टीनं घट्ट बांधायच्या. तासाभराचंही नाही. जावयानं त्यासाठी गाडी पूर्ण वर उचलून ठेवली आणि ठोकळे घ्यायला भिंतीपाशी गेला, तर जागा रिकामी. त्यानं टायरांमागे पाहिलं, रंगाच्या डब्यांमागे पाहिलं, मुलीच्या मशीनखाली पाहिलं.

"उंदरांनी नेले असतील," मिस्त्री चहा फुंकत म्हणाले. "जा की असंच खाली. एवढा तुमचा पंप, एवढ्या तुमच्या बॅटऱ्या. का विश्वास नाही?"

"ठोकळ्यांशिवाय नाही जायचं," जावई म्हणाला.

"मग बसा हात चोळत."

ठोकळे कुठे होते हे मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं, कारण पहाटे त्यांनीच ते उचलून आपल्या लोखंडी कपाटात ठेवले होते आणि किल्ली पँटच्या खिशात टाकली होती. हिशोब साधा. ठोकळे नाहीत तर काम नाही, काम नाही तर गाडी नाही, गाडी नाही तर मेळावा नाही, मेळावा नाही तर नोकरी नाही. चाळीस वर्षांचा कारागीर, आणि अक्कल चालवली ती वर्गात खडू लपवणाऱ्या पोराची! त्यातही आपण फार मोठा डाव टाकला म्हणून स्वारी खूश.

बाराच्या सुमारास जावई नवे ठोकळे कापून मिळतात का बघायला सुताराकडे गेला. मुलगी मागे स्वयंपाकघरात गेली. गॅरेजात मिस्त्री आणि उंच उभी राहिलेली गाडी, दोघंच राहिले. आणि मिस्त्रींना राहवेना. बटणबहाद्दरानं खाली काय गोंधळ घालून ठेवलाय ते एकदा बघायलाच हवं होतं. एखादी वाकडी नळी, एखादा कच्चा जोड, काहीतरी सापडणारच. संध्याकाळी तोंडावर फेकायला बरं.

फळकुटावर उताणे पडून, पाय बाहेर ठेवून मिस्त्री मागच्या बाजूनं आत सरकले. ठोकळे? ते कपाटात होते. आता काढले असते तर कुणीतरी पाहिलं असतं. आणि मिनिटभराचं तर काम. मिनिटभराचं काम म्हणून किती जणांचे हातपाय गेले हे मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगायचे. पण ते किस्से इतरांसाठी होते.

खाली बघतात तो काय, खोड काढायला जागा नाही! नळ्या ओळीनं बसवलेल्या, कुठे घासत नाहीत, कुठे ताणत नाहीत. सांधे स्वच्छ. असं काम मिस्त्रींनी स्वतः तिशीत केलं असेल, त्यानंतर नाही. हे त्यांना कळलं आणि त्यांचा आणखीच संताप झाला. शेवटी डाव्या चाकाजवळच्या एका नटावर त्यांना ओल दिसली. बोट फिरवलं तर नुसतं पुसायचं राहिलेलं तेल. तरी पाना लावला. आत वॉशर घातलाय की नाही बघू या म्हणून नट अर्धा फेरा सैल केला.

फुस्स झालं. तेल कोपरावर आलं आणि मागची दोन्ही चाकं एकाच नळीवर असल्यामुळे गाडीचा अख्खा मागचा भाग शांतपणे खाली यायला लागला. मिस्त्रींनी पाना टाकला, टाचा रोवल्या, तोवर चौकट त्यांच्या पोटावर येऊन थांबली. थांबली ती रबराच्या ठेप्यांवर. वीतभर जागा उरली होती आणि मिस्त्रींची ढेरी वीतभर अधिक चार बोटं. जीव जात नव्हता, पण श्वासही अर्धाच येत होता. डोळ्यांसमोर ती रबराची उशी, आणि ती नसती तर काय झालं असतं हे समजायला मिस्त्री असण्याची गरज नव्हती.

हाक मारायला त्यांना लाज वाटली. किती वेळ वाटली कोण जाणे. शेवटी लाजेपेक्षा भीती मोठी झाली.

मुलगी पिठाच्या हातांनी धावत आली. गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय तिनं पाहिले आणि ती बटणांकडे वळली.

"बटण नको!" मिस्त्री ओरडले, पण आवाज मांजराच्या पिल्लाएवढाच निघाला. "नट सैल आहे. सगळं तेल बाहेर येईल."

तेवढ्यात जावई रिकाम्या हातांनी परतला. सुतार शनिवारी दुपारी बंद. एका नजरेत त्यानं सगळं पाहिलं, जॅक ओढत आणला आणि मागच्या बंपरखाली लावून गाडी चार बोटं उचलली. मिस्त्रींना श्वास मिळाला. पण त्याच क्षणी जॅक सवयीप्रमाणे हळूहळू बसायला लागला. जावई परत दांडा मारायला लागला.

"असं ओढायचं नाही," तो म्हणाला. "ओढताना बाबा कुशीवर वळले आणि जॅक बसला तर बरगड्या जातील. खाली काहीतरी घालायला हवं."

मुलगी खाली वाकली. बापाचं तोंड तिला दिसत नव्हतं, बापाला तिची पिठाची बोटं दिसत होती.

"बाबा, ठोकळे कुठे आहेत?"

चाळीस वर्षं जो प्रश्न त्यांनी जगाला विचारला, तो त्यांच्याच सुरात आला.

"कपाटात."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"किल्ली?"

"खिशात. उजव्या." आणि खिसा गाडीखाली. मिस्त्रींचा स्वतःचा हात तिथवर वळत नव्हता.

कपाट लोखंडी, त्यावरचं कुलूप मिस्त्रींनीच निवडलेलं. कापायला अर्धा तास गेला असता. जावयानं जॅकचा दांडा मुलीच्या हातात दिला, "मारत राहा, थांबू नकोस" म्हणाला आणि उताणा होऊन गाडीखाली शिरला. ठोकळ्यांशिवाय. काडीपैलवान तेवढ्या फटीत मावला.

"अरे, येऊ नकोस!" मिस्त्री किंचाळले. अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. "बाहेर हो! ठोकळे नाहीत रे, मूर्खा, बाहेर हो!"

"हं," जावई म्हणाला आणि त्यानं त्यांच्या खिशात हात घातला.

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. ठोकळे सरकवले, मिस्त्रींना पायाला धरून ओढलं, पाणी पाजलं. पोटावर चौकटीचा वळ उमटला होता, बाकी काही नाही. ते टायरवर बसून राहिले.

"का?" शेवटी मुलगी म्हणाली.

"उद्या तो माणूस गाडी बघणार."

"मग?"

"मग तुम्ही जाणार."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही तितकाच होता. "एवढंच? हे तोंडानं सांगायला काय झालं होतं, बाबा? जगाला बोलायला जीभ आहे तुम्हाला. आम्हाला दोन शब्द सांगायला नव्हती?"

मिस्त्रींना स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. उभ्या आयुष्यात ज्यांना ज्यांना त्यांनी मूर्ख ठरवलं, त्या सगळ्यांनी त्यांच्यापुढे शहाणं ठरावं अशी ही दुपार होती. ते जावयाकडे वळले. "सकाळपासून वेळ जात होता. मी एवढा डिवचत होतो. तरी तू ठोकळ्यांशिवाय खाली का गेला नाहीस?"

"पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतं," जावई म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच फार लागलं.

मिस्त्री उठले. "दोन वाजलेत. नट आवळ, नळ्या बांध. मी तेल भरतो. चारला डॉक्टर येतोय."

डॉक्टर चारला आले. जावयानं बटण दाबलं आणि ती एवढी मोठी गाडी आधी पुढून, मग मागून शहाण्या जनावरासारखी उठून उभी राहिली. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. "मिस्त्री, कमाल केलीत!"

"मी नाही. जावयानं," मिस्त्री म्हणाले. "मी नावं ठेवत होतो. आणि उद्या तो मोठा गॅरेजवाला भेटला की त्याला सांगा, हा माणूस ठोकळ्यांशिवाय गाडीखाली शिरत नाही. असली माणसं आता मिळत नाहीत म्हणावं."

कोपऱ्यात दुसऱ्या गाडीची सीट शिवणाऱ्या मशीनची खडखड थांबली. मुलगी बापाकडे बघायला लागली. बाप दुसरीकडे बघायला लागला.

डॉक्टर गेल्यावर मिस्त्रींनी चारही ठोकळे फडक्यानं पुसले, सुतळीनं एकत्र बांधले आणि जावयाच्या पायाशी आणून ठेवले.

"हे न्या बरोबर," ते म्हणाले. "मोठी गॅरेजं नुसती नावाला मोठी. त्यांच्याकडे असतील-नसतील."

"आणि तुम्हाला, बाबा?" जावयानं विचारलं.

"मला कशाला? आता मी कुठल्या गाडीखाली जातोय."