पोटाशी बांधलेली अंडी

लोक म्हणतात, साळूबाईला गर्व फार. असेल. सात दिवस पोटाला अंडी बांधून जिनं झाडलोट, स्वयंपाक केला असेल, तिनं मला नम्रपणा शिकवायला यावं.

निजामावरची पोलिस ॲक्शन होऊन दीडेक वर्ष झालं होतं. राजूरजवळच्या आमच्या गावात मी नवी सून होते. माझ्या सासूची, झुंबरबाईंची, कपिली नावाची गाय होती. तिचं आदल्या श्रावणातलं वासरू गोचिडांनी खाल्लं. कानात, शेपटीच्या बुडाशी एरंडाच्या बियांएवढ्या गोचिडी. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, रोज वेचून रॉकेलच्या डब्यात टाकायच्या. दुसऱ्या दिवशी गवतातून तेवढ्याच यायच्या. वासरू वाळत गेलं आणि मेलं. आता कपिली पुन्हा गाभण होती, आषाढात विणार होती.

"हे बी गेलं तं म्या गाय ठिवनार न्हाई," आत्याबाई म्हणायच्या.

माझे आबा, रखमाजी, जाफराबादकडे एका जहागीरदाराच्या आमराईत राखणीला होते. तिथं गिनी कोंबड्या पाळलेल्या. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, डोक्याला टक्कल, आवाज बिनतेलाच्या रहाटासारखा. आम्ही त्यांना ठिपक्या म्हणायचो. आपली कोंबडी उकिरडा उकरत बसते. ठिपक्या दिवसभर रांगेनं गवत पिंजून किडे, गोचिडी टिपतात. आमराईतल्या गुरांवर गोचीड शोधून सापडत नसे. गुढीपाडव्याला माहेरी गेले, ती कोंड्याच्या टोपलीत सात अंडी घेऊनच परतले.

"हिच्या अंड्याला कोंबडीहून आठ दिस जास्ती लागतात, ध्यानात ठिव," आबांनी बजावलं होतं.

पण आमच्या घरी अंडी बसवायचा मान आत्याबाईंचा. अंडी नासू नयेत म्हणून त्यांनी प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ ओढली, अंड्यांवर बसायला आलेल्या खुडूक कोंबडीच्या पाटीत खिळा ठेवला. सातांत घरची सहा घालून तेरा केली, कारण अंडी विषमच बसवायची.

"एकवीस दिस बराबर," त्या म्हणाल्या.

आबांचा शब्द माझ्या ओठांवर आला आणि मी गिळला. नव्या सुनेनं सासूला कोंबडी शिकवायची? तिथंच माझं चुकलं.

एकविसाव्या दिवशी घरची सहाही फुटली. बाविसाव्या दिवशी कोंबडी पिल्लं घेऊन अंगणात उतरली ती पाटीकडे फिरकलीच नाही.

"तुह्या माहेरची वांझ निघाली," म्हणत आत्याबाई ती सात अंडी उकिरड्यावर टाकायला उठल्या.

माझं डोकं फिरलं. "द्या, म्या टाकते," म्हणून मी पाटी घेतली आणि गोठ्यामागं गेले. अंडी अजून कोमट होती. जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, कापूस पसरला, सातही अंडी पोटावर बांधली आणि वरून पदर खोचला. चैत्राचं ऊन मदतीला होतंच. झोपायचं मात्र भिंतीला टेकून, बसल्या बसल्या. मालकांना, रामरावांना, सगळं ठाऊक होतं. पण आईसमोर त्यांचंही तोंड उघडत नसे.

तिसऱ्या दिवशी आत्याबाईंच्या नजरेत आलं. सून जपून वाकते, हळू चालते, हात सारखा पोटावर. त्यांनी माझ्या डोक्यावरची घागर काढून घेतली. जात्यावरून उठवलं. किराणावाल्या चंदनबाईंनी कैरीचं लोणचं धाडलं. सांगून टाकायला हवं होतं. लाज वाटत होती, आणि खरं सांगते, घागर सुटली याचं बरंही वाटत होतं.

सातव्या दिवशी आत्याबाई शेजारी ज्वारी पाखडत होत्या. माझं पोट चिवचिवलं.

"साळू, काय वाजून राह्यलं गं?"

मी गाठ सोडली. एका अंड्याला भोक पडून चोच बाहेर आली होती. आत्याबाई अंड्याकडं पाहत राहिल्या, मग माझ्या सपाट पोटाकडं. त्यांचा चेहरा उतरला. तो चेहरा मी अजून विसरले नाही.

"आठ दिस जास्ती लागतात, आबानं सांगितल्तं," मी रडतच म्हणाले. "म्या तुमाला बोलले न्हाई."

"मंग देवानं तोंड कशाला देल्तं?" त्या ओरडल्या. पदरानं डोळे पुसले आणि सुपातली ज्वारी भुईवर ओतली. "पाहून काय राह्यली? जल्दी सुपात घे, गार पडतील!"

सांजेपर्यंत पाच फुटली, दोन गेली. अंधारताना आम्ही दोघींनी ती पाच कोंबडीच्या पंखाखाली सारली. सकाळी ती अकराही पिल्लांची आई होती.

आषाढात कपिलीला कालवड झाली. श्रावणात पाच ठिपक्या आणि घरच्या कोंबड्या मिळून गोठा, बांध, चराईची वाट रोज साफ करत. आत्याबाई सांजेला कालवडीचे कान उलटून पाहायच्या. एकदोन सापडायच्या, कधी तेवढ्याही नाही. एके दिवशी त्यांनी रॉकेलचा डबा रिकामा करून चुलीमागं टाकला.

पोळ्याच्या सुमारास शेजारगावचा कडूबा आला. कालवडीकडं बघतच राहिला. म्हणाला, "झुंबरमावशी, ठिपक्यांची जोडी द्या. म्हनताल ते देतो."

"बिलकुल न्हाई. सुनंनं पोटाशी धरून काढल्यात, इकीन कशी?" आत्याबाई म्हणाल्या. "अंडी घालाया लागल्या की अंडी देईन. पन अठ्ठावीस दिस लागतात. अन् बसवायच्या आंधी माह्या सुनंला इचारून जाय. मला त्यातलं कळत न्हाई."