खालच्या आळीचं पाणी

गावाला पाणी सोडणाऱ्या माणसाला सगळे चावीवाला म्हणायचे. खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी टाकून तो बावीस वर्षं गल्लोगल्ली व्हॉल्व्ह उघडत, बंद करत फिरला होता. कुणाच्या नळाला आधी पाणी चढतं आणि कुणाच्या नळातून नुसती हवा फुसफुसते, हे त्याला तोंडपाठ होतं. पाणी उशिरा आलं की शिव्या त्याला, वेळेवर आलं की आभार कुणालाच नाहीत. त्याचं त्याला काही वाटायचं नाही.

पाणी यायचं डोंगरातल्या झऱ्याचं. झऱ्याच्या वरचं जंगल दोन वर्षांपूर्वी तोडलं गेलं. तिथे बर्फावरून घसरण्याच्या शर्यतींसाठी मोठं मैदान होत होतं. उतार सपाट तासला, निघालेली माती कडेला लोटली आणि हल्ली बर्फाचा भरवसा नाही म्हणून माथ्यावर प्लास्टिक अंथरून एक तळं बांधलं. त्या पाण्याचा यंत्रांनी बर्फ करायचा होता. रविवारी चाचणी शर्यत होती.

त्या आठवड्यात सोमवारी झऱ्याला चहाच्या रंगाचं पाणी आलं. मंगळवारी झरा दुपटीने वाहू लागला. महिनाभरात पावसाचा थेंब नव्हता, मग हे पाणी कुठलं? आणि बुधवारी सकाळी झरा बंद. थेंबसुद्धा नाही. चावीवाला ओल्या दगडापुढे उभा राहिला. पाणी एका दिवसात संपत नसतं. ते गेलं नव्हतं, आतच कुठेतरी साठत होतं.

तो वर चढला. तळ्याच्या पहारेकऱ्याने फाटक उघडलं. एकटा माणूस, बोलायला कुणी भेटलं याचाच त्याला आनंद. "या, या. इथे पाखरूसुद्धा फिरकत नाही," म्हणत त्याने थर्मासमधला चहा ओतला. तळ्याखाली वीसेक पावलांवर उतारात आडवी भेग गेली होती. चावीवाल्याने तिच्यात चावी घातली. मुठीपर्यंत आत गेली, तरी तळ लागला नाही. कान लावला, तर आतून कुणीतरी दात खात असल्यासारखा आवाज येत होता.

साइटचा इंजिनिअर तरुण होता, बोलायला गोड. "काका, नवा भराव आहे, बसणारच."

"साहेब, बसते ती माती खाली बसते. ही पुढे सरकतेय. तळं रिकामं करा."

"आणि रविवारी बर्फ काय आभाळातून आणू?" इंजिनिअर हसला. मग स्वतःच्याच बोलण्यातली गंमत लक्षात येऊन आणखी हसला.

पाणीखात्याचे साहेब म्हणाले, "लेखी द्या." त्याने लेखी दिलं. त्यावर शिक्का बसला आणि कागद ट्रेमध्ये गेला. संध्याकाळी तो डोंगराच्या पायथ्याला, खालच्या आळीत दारोदार फिरला. लोकांनी ऐकून घेतलं. "चावीवाल्याला आता डोंगराचीही चावी पाहिजे," एकजण म्हणाला आणि आळीभर हशा पिकला.

आळीतलं शेवटचं घर त्याच्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं. एकटीच राहायची, शिवणकाम करायची. त्या दिवशी मशीनभोवती पांढऱ्या बंड्यांचा ढीग होता. शर्यतीतल्या खेळाडूंचे नंबर त्यावर शिवायचे होते.

"आक्का, चार दिवस माझ्याकडे चल."

"आणि ऐंशी बंड्या कोण शिवणार, तू? शनिवारी द्यायच्यात."

आक्कापुढे त्याचं लहानपणापासून काही चाललं नव्हतं. "बरं, मग निदान पाणी भरून ठेव. गावाच्या टाकीत दोन दिवसांचंच उरलंय," असं म्हणून त्याने स्वतःच तिचे दोन्ही पिंप काठोकाठ भरले आणि घरी गेला.

गुरुवारी सकाळी झऱ्याजवळच्या पंपाच्या खोलीचं दार उघडेना. कुलूप निघालं, पण दार चौकटीत आवळून बसलं होतं. चौकटच तिरकी झाली होती. आता सांगत बसायला वेळ नव्हता, आणि सांगून ऐकणार तरी कोण? भीतीपायी घर सोडायला माणूस तयार नसतो. पण पाण्यासाठी?

तो खाली पळाला आणि त्याने खालच्या आळीचा व्हॉल्व्ह बंद केला. टँकरचा ड्रायव्हर त्याचा जुना दोस्त. "गाडी पुलापलीकडे, शाळेच्या मैदानावर लाव. काही विचारू नकोस," त्याने सांगितलं. ड्रायव्हरने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. मग चावीवाला कर्णा घेऊन आळीतून ओरडत गेला, "खालच्या आळीला पाणी फक्त शाळेच्या मैदानावर! नऊ ते अकरा! माणशी दोन बादल्या! जो स्वतः येईल त्यालाच, म्हातारं असो की तान्हं!"

आळी निघाली. बादल्या, कळश्या, डबे आणि तोंडाने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. एका लेकीने लकवा झालेल्या बापाला हातगाडीवर घातलं, कारण बापाच्या वाटणीच्या दोन बादल्या का सोडायच्या? चावीवाला मैदानाच्या फाटकाशी एकेक घर ओळखत उभा होता. मुद्दाम नळ बारीक सोडला होता. रांग हलत नव्हती. लोक तापले होते आणि तो प्रत्येक शिवी वरदानासारखी झेलत होता.

दहाच्या सुमाराला सगळी घरं आली होती. एक सोडून.

आक्का आली नव्हती. येईल कशाला? तिच्याकडे दोन पिंप भरून पाणी होतं आणि ते त्यानेच भरलं होतं.

खांद्यावरच्या चावीसकट तो पळत सुटला. पुलावरून जाताना नदीचं पाणी पाहिलं, तर गढूळ. रिकाम्या आळीत एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध उभं राहून डोंगराकडे बघून गुरगुरत होतं. आक्काच्या मशीनचा आवाज दूरवरून येत होता, कट कट कट.

"आक्का, दार उघड!"

"ओढतेय रे, अडकलंय मेलं! सकाळपर्यंत ठीक होतं." तिचा आवाज आतून आला, आधी वैतागलेला, मग एकदम बारीक झालेला. "अरे, भिंतीला चीर पडतेय. माझ्या डोळ्यांदेखत पडतेय."

चावीवाल्याने चावी उलटी धरली आणि खिडकीचे गज एकेक करून उखडले. आक्का अर्धी बाहेर आली आणि थांबली. "बंड्या—"

"मरू देत बंड्या!" आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्यावर ओरडला. तिला खांद्याला धरून त्याने बाहेर ओढलं. तिच्या हाताला गज लागून रक्त आलं, ते दोघांनाही दिसलं नाही. ती अनवाणी पळत होती, धापा टाकत होती. "मला सोड, तू जा," म्हणाली. त्याने तिचं मनगट आणखी घट्ट आवळलं.

ते पुलाच्या मध्यावर होते तेव्हा मागे काहीतरी सुस्कारल्यासारखं झालं. मोठा आवाज नंतर आला. आधी नुसता तो सुस्कारा, आणि वरच्या उरलेल्या झाडांची रांग उभ्याउभ्याच खाली चालू लागली. मग डोंगराचं पोट फुटलं आणि चिखल, दगड, प्लास्टिक, लोखंडी खांब, सगळं एकदमच आळीत उतरलं. एक्केचाळीस घरांतली चार उरली. मैदानावर रिकाम्या बादल्या घेऊन उभी असलेली माणसं नजरेने आपापलं घर शोधत होती.

आळीतला एकही माणूस गेला नाही. तळ्याचा पहारेकरी गेला. तो आळीचा नव्हता, त्यामुळे त्याला पाण्याला बोलवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. चावीवाल्याच्याही नाही. तिसऱ्या दिवशी तो सापडला. त्यानंतर कुणी चावीवाल्याला 'तुम्ही आळी वाचवलीत' म्हटलं की तो मान खाली घालून निघून जायचा.

चौकशी झाली. विनापरवाना पाणी बंद केल्याबद्दल त्याला नोटीस आली. इंजिनिअरची बदली झाली. खालच्या आळीची माणसं शाळेच्या खोल्यांतून राहू लागली. आक्काने कुणाचं तरी मशीन मागून आणलं, पण वरच्या मजल्यावर कुणी बाक सरकवला तरी तिचा पाय थांबायचा आणि ती खिडकीकडे बघायची.

महिन्याने एका सकाळी चावीवाला शाळेच्या मागच्या उतारावर नवी पाइपलाइन बघायला गेला. तिथे दोन मोजणीदार दोरी ताणून लाल खुंट्या ठोकत होते.

"हे काय चाललंय?"

"शर्यतीचं मैदान इकडे घ्यायचं ठरलंय," त्यातला एकजण आपुलकीने म्हणाला. "हा उतार पक्का आहे, काका. तळंसुद्धा इथेच वर येणार."

चावीवाल्याने वर पाहिलं. झाडं दाट होती, शांत होती. मग त्याने खाली पाहिलं. शाळेच्या पत्र्यावर धुणं वाळत होतं.

तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, "सामान बांध. आक्कालाही सांगतो."

"कुठे जायचं?" बायकोने विचारलं.

तो खुर्चीवर बसला. गावाच्या चारी बाजूंना डोंगर होते. एकेका उताराखाली कुणाकुणाची घरं आहेत ते तो मनात आठवत राहिला.