खालच्या पंखाआड

मित्रांनो, जळगावजवळ कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली उभे असलेले मी एक जुने विमान आहे. माझ्या कापडी अंगाला उंदरांनी भोके पाडली आहेत. देश स्वतंत्र झाला, डोक्यावरून मोठमोठी विमाने घरघरत जातात. मला आता कोणी विचारत नाही. त्याचे मला दुःख नाही. मनाला सलते ते वेगळेच.

विलायतेतल्या कारखान्यात लाकडी सांगाड्यावर कापड ताणून मला घडवले. एकावर एक असे दुहेरी पंख लावले. पेट्यांत बंद होऊन बोटीने मी मुंबईला आले आणि रुईच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव सुरेशचंद यांनी मला घेतले. केळीच्या बागांवरून मी घिरटी घातली की माणसे हातातले काम टाकून वर बघत. सुरेशचंदांना त्याचे भारी कौतुक.

त्यांना उडायला शिकवले धुळ्याच्या रतिलालने. त्याचे स्वतःचे एक पिवळे विमान होते. लोकांना हवेत फिरवून आणायचे, यावर त्याचे घर चाले. तो पुन्हा पुन्हा बजावी, "सुरेशभाई, या विमानाचा खालचा पंख जमीन झाकतो, वरचा आभाळ झाकतो. वळण्याआधी, उतरण्याआधी पंख जरा कलता कर आणि तिथे कोण आहे ते बघ. वर शिपाई उभा नसतो. आपले डोळेच काय ते."

सुरेशचंद मान डोलावत.

एका हिवाळ्यात धुळ्याबाहेरच्या माळावर विमानांचा मेळा भरला. बाहेरगावची विमानेही आली होती. एक उतरे तोच दुसरे उडे. सुरेशचंदांनी आपल्या आत्याला, सायरबाईंना, माझ्या पुढच्या जागेवर बसवले होते; चालवणारा मागे बसे. खाली माणसांचा समुद्र. लोक फेटे हवेत उडवत होते. सुरेशचंद एका बाजूने बाहेर वाकले, हात हलवत राहिले आणि तसेच मला खाली घेऊ लागले. पंख काही कलता केला नाही.

दुसऱ्या बाजूला, माझ्या खालच्या पंखाआड, रतिलालचे पिवळे विमान वर चढत होते.

आम्हाला अंगावर येताना पाहून रतिलालने ते झटक्यात बाजूला घेतले. आम्ही वाचलो. त्याला मात्र सावरायला उंची उरली नव्हती. विमान कपाशीच्या शेतात कोसळले. शेतकरी चुडामण धावत गेला. "जित्ता शे हाऊ! खाट आना, खाट!" रतिलाल जिवंत असल्याची, खाट मागणारी चुडामणची हाक माळभर ऐकू आली.

मी उतरले तेव्हा लोकांनी सुरेशचंदांना हार घातले. "शेटजी, तो आडवा आला, तुम्ही वाचवलंत!"  सुरेशचंदांनी हार गळ्यात तसाच राहू दिला. मीही मुकाट उभे होते. मित्रांनो, रतिलालला झाकणारा पंख माझाच होता.

रतिलालचा पाय कापावा लागला. चौकशीला मुंबईहून साहेब येणार होते आणि दोष त्याच्यावरच जाईल, असे सगळे धरून चालले होते. सुरेशचंद शेडमध्ये येत, माझ्या पंखावर हात ठेवून उभे राहत आणि निघून जात. एकदा सायरबाई त्यांच्यामागोमाग आल्या.

"बेटा, तू कुठे बघत होतास?"

"लोकांकडे, आत्याबाई."

"मग हे मला सांगून काय होणार? साहेबाला सांग."

सुरेशचंदांनी साहेबांपुढे सारे सांगितले. रतिलालवरचा ठपका पुसला गेला. सुरेशचंदांचा परवाना काही काळ काढून घेतला गेला. ते रतिलालच्या घरी गेले, तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. त्याची बायको प्रमिलाबाई दारात येऊन म्हणाली, "खरं बोललात, बरं केलंत. पण यांचा पाय काही परत येत नाही."

पुढे परवाना मिळाला, तरी सुरेशचंद मला घेऊन उडाले नाहीत. लढाई आली, पेट्रोल मिळेना, माझ्यावर धूळ साचली.

लढाई संपल्यावर एका सकाळी लाकडी पाय टेकवत रतिलाल शेडच्या दारात उभा राहिला. त्याने सुरेशचंदांसमोर माझे इंजिन उघडून पाहिले. "हे चालू होईल," तो म्हणाला.

"माझ्यानं होणार नाही रे," सुरेशचंद म्हणाले. "हात कापतात."

"कापू देत. डोळे तर कापत नाहीत ना? मी पुढे बसतो."

आम्ही उडालो. खाली तापीचे पात्र चमकत होते. सुरेशचंदांनी वळण्याआधी मला एका बाजूला कलवले, पाहिले. मग दुसऱ्या बाजूला कलवले, पाहिले. रतिलालने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

मित्रांनो, तुम्ही उद्या बैलगाडी हाका, मोटार चालवा, नाहीतर माझ्यासारख्या एखाद्याला घेऊन उडा. आपल्याला जे दिसत नाही तिथेही कोणाचा तरी जीव असतो, एवढे ध्यानात ठेवा. त्या सकाळी सबंध आकाशात आमच्याशिवाय कोणीही नव्हते. तरीही सुरेशचंद प्रत्येक वळणाआधी माझ्या पंखाआड डोकावून बघत होते.